साठवलेल्या शाळूला आणि हरभऱ्याला कीड लागू नये म्हणून नीलगिरीचं तेल पुरेल का?

खटावच्या घरी पत्र्याच्या कोठीत शाळू नि हरभरा आहे, विषारी गोळ्या नकोत, असं तुम्ही लिहिलंय. गोळ्या नकोत हे अगदी बरोबर. त्यांतून सुटणारा फॉस्फीन वायू राहत्या घरात जिवावर बेततो. नीलगिरी चालेल, पण झाकण घट्ट असेल तरच.

हे तेल मारतं ते वाफेने. त्यातलं सिनिओल हे मुख्य द्रव्य किड्याच्या श्वासछिद्रांतून आत शिरतं आणि मज्जासंस्था बिघडवतं. बाहेर फिरणारे सोंडे मरतात. दाण्याच्या आतली अळी आणि कोष बरेचदा वाचतात. महिन्याभरात तेच बाहेर पडतात आणि दोष तेलाला दिला जातो. शिवाय दाणेही वाफ शोषतात, म्हणून रिकाम्या बरणीत दिसलेला गुण भरल्या कोठीत तेवढा उतरत नाही.

आधी कडक ऊन द्या. शाळूचा दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. ओलावा 12 टक्क्यांच्या आत, हरभऱ्याचा 10 च्या. गार झाल्यावरच भरा, नाहीतर झाकणाखाली पाणी सुटून बुरशी धरते. 50 किलोला साधारण 10 मिली तेल कापसाच्या बोळ्यांवर घेऊन सुती पुरचुंड्या बांधा. दोन मधल्या थरात, लांब दोरी वर काढून. बाकीच्या वरती, कारण ही वाफ हवेपेक्षा जड असते. झाकणाची फट चिकटपट्टीने बंद करा, आठवडाभर उघडू नका. तीन-चार आठवड्यांनी तेल पुन्हा घाला.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं आठवा. तिथे कुठलंच तेल नसायचं. तोंड बंद झालं की आतला प्राणवायू घटायचा आणि किडा तगायचा नाही.

हरभऱ्याला मात्र मी घरातलं साधं तेलच सांगेन: किलोला 5 मिली शेंगदाणा तेल किंवा एरंडेल, दाण्यादाण्याला चोळून. भुंगा सालीवर अंडी चिकटवतो, तेलाच्या थराखाली ती गुदमरतात. दाण्याला भोकं पडली असतील तर उशीर झाला. निवडून, डाळ भरडून लवकर संपवा.

वेखंडाच्या तेलानेही किडे मरतात, पण त्यातलं बीटा-असारोन प्राण्यांवरच्या चाचण्यांत कर्करोगकारक ठरलंय. खायच्या धान्यात ते नकोच.

दळणाच्या आदल्या दिवशी धान्य सावलीत पसरा, वास उडून जाईल. लवंगेचं तेल शाळूला टाळा, भाकरीला वास राहतो. आणि बियाणं वेगळं ठेवा. ही तेलं जास्त झाली तर उगवण घटते.