डिकीतली कूलंटची बाटली

मावशी, सा. न.

आम्ही साताऱ्यात राहतो. मी शाळेत शिकवते, हे एका पतसंस्थेत आहेत. सव्वा वर्षापूर्वी पुण्याच्या मोठ्या भावजींनी नवी गाडी घेतली आणि त्यांची दहा वर्षं वापरलेली डिझेल गाडी आम्ही २,१०,००० रुपयांना घेतली. ते ती फक्त कोथरूड ते डेक्कन ऑफिसला न्यायचे. घरचीच गाडी, म्हणून ना कुणा मेकॅनिकला दाखवली, ना भाव केला. तेव्हापासून गॅरेजच्या वाऱ्या चालू आहेत. क्लच गेला, बॅटरी गेली, दोन टायर बदलले, आणि चार वेळा नुसती गरम होते म्हणून नेली. दर वेळी मेस्त्री एक पार्ट बदलतात आणि म्हणतात, आता बघायला नको. आजवर ५८,४०० रुपये गेले. बिल आलं की हे दोन दिवस जेवत नाहीत धड, म्हणून त्यातले २२,००० मी माझ्या भिशीतून परस्पर भरले. ह्यांना माहीत नाही.

मागच्या महिन्यात सासूबाईंना डोळ्याच्या इंजेक्शनसाठी पुण्याला नेलं होतं. येताना खंबाटकी घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. पाऊण तास कठड्याला टेकून उभ्या होत्या. एका ट्रकवाल्या दादांनी पाणी दिलं, म्हणून घरी पोचलो. तेव्हा त्या म्हणाल्या, “थोरल्याकडे होती तोवर एकदाही बंद पडली नाही हो.” हे मान खाली घालून उभे राहिले. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

गाडी आणली तेव्हा डिकीत स्टेपनीशेजारी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये घालतात त्या द्रवाची, अर्धी बाटली होती. म्हणजे भावजींना सगळं माहीत होतं, हो ना? मी हे बोलले तर ह्यांनी एकच सांगितलं, “दादाबद्दल अक्षर काढू नकोस.” ह्यांच्या कॉलेजची फी दादांनी भरली होती, ते मी विसरलेले नाही. विकू म्हटलं तर “दादाला काय वाटेल?” गाडीची आरसीसुद्धा अजून भावजींच्याच नावावर आहे. मी काय करू?

घाटात अडकलेली

*

अगं, मावशी म्हणालीस म्हणून एकेरीवरच येते.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं ते गाडीसाठी, आणि दुसऱ्यांदा सासूबाईंच्या त्या वाक्यासाठी. तुला त्यात ठपका ऐकू आला, की थोरल्याला जमलं ते धाकट्याला जमत नाही. त्यांच्या मनात तसं असेलही. पण ते वाक्य खरं आहे आणि तरीही त्यात तुमचा दोष नाही. हे कसं, ते आधी समजून घे.

रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची जाळी. इंजिनातून तापून आलेलं पाणी त्यातून फिरतं आणि वाऱ्याने निवतं. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतलं, की नळ्यांना आतून गंज धरतो, क्षार बसतात. नळ्या अर्ध्या बुजल्या तरी कोथरूड ते डेक्कन जायला राहिलेल्या अर्ध्या पुरतात. एकटा माणूस, थोडंसं अंतर, चढ नाही. तीच गाडी चार माणसं भरून, एसी लावून, दुसऱ्या गिअरवर खंबाटकी चढायला लागली की इंजिन जेवढं तापतं तेवढी उष्णता ती जाळी बाहेर टाकू शकत नाही. तू लिहिलं नाहीस, पण माझी खात्री आहे की घाट संपून उतार लागला की तुमचा काटा आपोआप खाली येतो. भावजींकडे ती बंद पडली नाही, कारण असं काम त्यांनी तिला कधी सांगितलंच नाही. सासूबाई खरं बोलल्या, तुमच्या मिस्टरांनी गाडी नीट चालवली, आणि भावजींनीही कदाचित काही लपवलं नसेल. तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आता हिशेब. तू सोबत पाठवलेल्या बिलांवरून क्लच, बॅटरी आणि टायर मिळून तुझे २८,४०० रुपये होतात. हे दुखणं म्हणू नकोस. दहा-अकरा वर्षांची कुठलीही गाडी घेतली असतीस तरी हा खर्च आलाच असता. उरले ३०,०००, आणि ते सगळे एकाच आजारावर गेले आहेत. ही गाडी रोज नवीन काहीतरी काढते असं तुला वाटतं, पण तिचं मूळ दुखणं एकच आहे आणि त्याचं निदान अजून कुणी केलेलं नाही. पार्ट बदलून बघणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला रक्त न तपासता गोळ्या बदलून देणं. मला तुझ्या मेस्त्रींच्या हेतूबद्दल शंका नाही, पण चौथ्यांदा तेच झाल्यावर माणूस बदलायला हवा.

तू स्वतः एक गोष्ट करून बघ. सकाळी गाडी रात्रभर थंड झालेली असताना बॉनेट उघड आणि इंजिनावर जिथून ऑइल भरतात ते झाकण काढ. ते उलटं करून आतली बाजू बघ. तिथे काळसर तेल असायला हवं. त्याऐवजी ताक घुसळताना रवीला चिकटतो तसा फिकट, फेसाळ थर दिसला, तर पाणी तेलात शिरतंय अशी शंका घ्यायची. थंडीत आणि फार कमी चालणाऱ्या गाडीत झाकणाला थोडा थर असाही धरतो, म्हणून डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढून तिथलं तेलही बघ. दोन्हीकडे तसंच असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचा वरचा भाग (हेड) यांचा सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेल्याचं ते लक्षण आहे. आणि हे लक्षात ठेव, की काटा लालमध्ये गेल्यावरही गाडी ओढली तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. म्हणजे सुरुवात साध्या बुजलेल्या रेडिएटरने झाली असेल आणि गॅस्केट त्या घाटात गेलं असेल. म्हणून आता “चालतंय तोवर चालवू” असं म्हणायचं नाही.

दुसऱ्या गॅरेजमध्ये जाऊन काम सांगू नकोस, तपासणी सांग. कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करा म्हणावं: हातपंपाने दाब भरतात आणि तो उतरतो का बघतात. मग रेडिएटर आणि वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) बघा, आणि कूलंटमध्ये इंजिनातला गॅस येतो का ते तपासणारी टेस्ट करा. तिच्यातलं निळं औषध गॅस लागला की रंग बदलतं. हेड उघडायच्या आधी खर्च कागदावर लिहून घ्या, हेड फेसिंग, म्हणजे वाकलेलं हेड घासून सपाट करणं, धरून. तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर आनंदाने द्या.

आता बाटलीबद्दल. सव्वा वर्ष तू ती बाटली पुरावा म्हणून मनात जपून ठेवली आहेस. मला कळतं गं. आपलं कुणी ऐकून घेत नसलं की हातात काहीतरी धरून ठेवावंसं वाटतं. पण अर्ध्या बाटलीचा अर्थ भावजींना गाडी पाणी पिते हे माहीत होतं असाही होतो, आणि माणूस काळजीने गाडी ठेवत होता असाही. आपण बाहेरून ठरवू शकत नाही. मेकॅनिकला मात्र त्या बाटलीचा खरा उपयोग आहे. ती किती दिवसांत अर्धी झाली? वर्षात, की महिन्यात? एवढं कळलं तर दुखणं जुनं की नवं हे ठरतं. हा प्रश्न भावजींना विचारायलाच हवा, आणि तो तुझ्या मिस्टरांनी विचारायचा: “दादा, मेस्त्री विचारतायत, तुमच्याकडे कूलंट किती दिवसांनी घालावं लागायचं?” यात आरोप नाही. डॉक्टर नाही का विचारत, घरात कुणाला साखर आहे का?

आमच्या घरी मी लहान असताना एक स्कूटर होती. सकाळी बाबा ती अंगावर आडवी घ्यायचे, मग सरळ करून किक मारायचे. दहा, पंधरा, वीस. आम्ही भावंडं दप्तरं घेऊन गप्प उभी असायचो आणि आई खिडकीतून बघायची. कुणी काही बोलायचं नाही, कारण ती आजोबांनी घेऊन दिली होती. चार वर्षांनी आजोबा राहायला आले, त्यांनी हे सकाळी बघितलं आणि म्हणाले, “अरे, ही अजून विकली नाहीस?” त्यांना वाटत होतं बाबांना ती आवडते. बाबा त्या दिवशी किती तरी वेळ ओट्यावर बसून होते, ते मला अजून दिसतं. म्हणून मला वाटतं, दादांना काय वाटेल हे तुम्ही दोघांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही.

एक गोष्ट मात्र मला तुला स्पष्ट सांगायची आहे. भिशीतून चोरून बिलं भरणं आजपासून बंद. तुझा हेतू प्रेमाचा होता, पण त्याने झालं काय? तुझ्या मिस्टरांच्या हिशेबात गाडीवर ३६,४०० गेलेत आणि तुझ्या हिशेबात ५८,४००. ते ज्या गाडीबद्दल निर्णय घेत नाहीयेत ती गाडी त्यांना माहीतच नाही. त्यांचा अबोला तुला त्रास देतो, आणि तुझी गुपित बिलं तो अबोला टिकवायला मदत करतात. सगळी बिलं एका वहीत तारखेने लाव आणि वही त्यांच्यासमोर ठेव. दादांचं नाव काढू नकोस. फक्त म्हण, “हे माझ्याकडून राहिलं होतं सांगायचं.”

आणि तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू जाता जाता लिहिलीस: आरसी अजून भावजींच्या नावावर आहे. अगं, सव्वा वर्ष! कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात स्पष्ट केलंय की गाडी विकून ताबा दिला तरी आरसीवर ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. घाटात ब्रेक मारताना मागून-पुढून काही झालं असतं, तर नोटीस कोथरूडला गेली असती. ज्या दादांनी फी भरली, त्यांच्या डोक्यावर आपण हे टांगून ठेवलंय, हे तुझ्या मिस्टरांना सांग. दादांचा मान राखायचा तर आधी त्यांचं नाव या कागदावरून काढायला हवं. विमाही तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, भावजींचा आहे, तो तुम्हाला मिळणार नाही, तेवढा हप्ता वाढेल.

नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर भावजींच्या सह्या लागतात. म्हणजे समोरासमोर भेटायला कारण मिळालं. सणावाराला, सगळे जमलेले असताना हा विषय नको, फोनवर तर नकोच. एका रविवारी दोघांनी पुण्याला जा, सह्या घ्या, चहा घ्या आणि कूलंटचा प्रश्न मिस्टरांना विचारू दे. तू जाऊबाईंपाशी बस. उत्तर काहीही येवो, पैसे परत मागायचे की नाही हे तुझ्या मिस्टरांना ठरवू दे. मी तुझ्या जागी असते तर मागितले नसते. गाडी न दाखवता घेतली हा निर्णय तुमचाही होता. पण मनातला राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. तो नवऱ्याजवळ एकदा पूर्ण बोलून मोकळी हो.

विकायची की दुरुस्त करायची? माझं मत सांगते. रेडिएटर किंवा वॉटर बॉडीवर भागत असेल तर करून घ्या आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घाला, गाडी अजून चार वर्षं चालेल. हेड उघडावं लागणार असेल, तर आज तिची बाजारात काय किंमत येते ते दोन ठिकाणी विचारा. खर्च तिच्या निम्म्यापाशी गेला तर विका. मात्र घेणाऱ्याला घाटाचं सांगून विका, भाव कमी आला तरी. तोही बायकामुलांना घेऊन कुठला तरी घाट चढणार आहे.

तोवर कुठे काटा वर सरकलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि पहिल्या मोकळ्या जागी डावीकडे थांबा. माणसं गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभी करा आणि १०३३ ला फोन करा, ती महामार्गाची हेल्पलाइन आहे. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर गेलेलं असतं, ते तोंडावर उडतं. इंजिनावर गार पाणीही ओतू नका.

आणि ही दुरुस्ती होईपर्यंत सासूबाईंना या गाडीतून पुण्याला न्यायचं नाही. शहात्तर वर्षांच्या बाईंना पुन्हा त्या कठड्याशी उभं करू नका. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीत तिकीट लागत नाही, तुला अर्धं लागेल. स्वारगेटहून डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत रिक्षा करा. बसमध्ये त्यांच्या शेजारी बसलीस की त्यांना सहज सांग, थोरल्याकडे गाडी सपाटीवर होती, आपल्याकडे घाट आहे. त्यांना पटेल. त्या स्वतः त्या घाटात उभ्या होत्या.

उद्या सकाळी झाकण उघडून बघ, आणि काय दिसलं ते मला लिही.

तुझी मावशी