घडीचा कॅमेरा घेताना
पहिला घडीचा कॅमेरा घेणार असाल, तर रूपावर न भाळता आधी भाता, म्हणजे भिंग आणि कॅमेऱ्याचा डबा यांना जोडणारी घड्यांची पिशवी, तपासा. अंधाऱ्या खोलीत मागचे झाकण उघडून आत टॉर्च लावला, की घड्यांच्या कोपऱ्यांतली बारीक छिद्रेही बाहेरून चमकतात. आग्फा आयसोलेट या जुन्या घडीच्या कॅमेऱ्यात हा दोष नेहमीचाच, शिवाय जुने ग्रीस घट्ट होऊन फोकसची कडी जाम झालेली असते. नवख्याने त्यापेक्षा झाइस इकॉनचा नेटार पाहावा, असे माझे मत आहे. १२० या रुंद रोल फिल्मवर ६ × ६ सेंमीची १२ चित्रे मिळतात आणि प्रत्येकासाठी अंतर अजमावणे, शटरची स्प्रिंग ताणणे, मागच्या झाकणावरच्या लाल खिडकीतला आकडा पाहत फिल्म सरकवणे आलेच, पण या सक्तीच्या संथपणातच खरी गोडी आहे. कॅमेरा मात्र हळू उघडा, कारण झटक्याने भात्यात पोकळी निर्माण होऊन फिल्म पुढे ओढली जाते. म्हणून फिल्मही उघडल्यानंतरच सरकवावी.