‘क्रूक’ म्हणजे वाकडी काठी?

प्रश्न असा आहे: ब्रिटनमधल्या काठ्या बनवणाऱ्या कारागिरांवरच्या लेखाचा अनुवाद करताना मेंढपाळाच्या ‘क्रूक’ला, म्हणजे मेंढी अडकवून धरायच्या वळणदार मुठीच्या काठीला, ‘वाकडी काठी’ म्हणावं का? आणि काठीच्या बुडाशी जी धातूची टोपी बसवतात तिला काय म्हणायचं?

टोपीचं लगेच सांगतो: शेंबी. नेमका, जुना शब्द आहे, बिनधास्त वापरा.

‘वाकडी काठी’ मात्र नको. ते वाचलं की सगळा दांडाच वाकडा डोळ्यांपुढे येतो, आणि या कारागिराची बरीचशी मेहनत तर दांडा सरळ करण्यातच जाते. हेझलची किंवा अ‍ॅशची फांदी हिवाळ्यात तोडायची, निदान वर्षभर वाळू द्यायची, मग वाफेवर शेकून तिचा बाक काढायचा. वळण हवं असतं ते फक्त मुठीला. ही मूठ पुष्कळदा मेंढ्याच्या शिंगाची असते. शिंग तापवून मऊ करतात, दाबून आकार देतात, मग कानशीने घासत बसतात.

फांदी खाली ओढायला लांब काठीच्या टोकाला जे बांधतो, ते काय? आकडी! क्रूकचं कामही तेच, लांबचं अडकवून जवळ आणायचं. तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘आकडीची काठी’ म्हणा, पुढे नुसती ‘आकडी’ पुरते. (संस्कृतात ‘अंक’ म्हणजे अडकवायचा आकडाही आणि संख्येचं चिन्हही. त्यामुळे गणितातला आकडा आणि अडकवायचा आकडा हे भाऊबंदच.)

आणखी एक सोय होते. मेंढीचा मागचा पाय धरायच्या क्रूकची फट अरुंद असते, मान धरायच्या क्रूकची रुंद. ‘पायाची आकडी’ आणि ‘मानेची आकडी’ म्हटलं की काम झालं. ‘वाकडी काठी’ घेऊन हा फरक कसा सांगणार?

‘लाठी’ही टाळा. ‘यष्टी’वरून प्राकृतात ‘लट्ठी’ आणि तिथून आलेला हा शब्द व्युत्पत्तीने निरुपद्रवी आहे, पण आज ऐकताच पाठ चोळावीशी वाटते. सोट्याचंही तेच. फिरायला जाताना हातात घ्यायची ती साधी ‘काठी’, ‘काष्ठा’तून आलेली.

लेखात प्राचीन इजिप्तच्या राजाच्या हातातला क्रूक आला, तर तिथे ‘राजदंड’ चालेल. चित्रलिपीत त्याच आकड्याच्या चिन्हाने ‘राज्यकर्ता’ लिहीत. फक्त तो मेंढपाळाच्या काठीसारखा दिसतो, हे वाक्यात कुठेतरी येऊ द्या.