शस्त्रादिहत म्हणजे कोण?

प्रिय मनू,

काल भिंतीवरच्या कॅलेंडरवर तू अक्षरं जोडत 'श-स्त्रा-दि-ह-त' वाचलंस आणि विचारलंस, "आई, हे कोण? आणि आपल्याकडे असं कोणी नाही, तर तू आज वेगळं पान का वाढतेस?" तेव्हा माझे वडे तेलात होते, म्हणून "नंतर" म्हणाले. आता सावकाश सांगते.

पितृपक्षात ज्याचं त्याचं पान त्याच्या त्याच्या तिथीला वाढतात, हे तुला माहीत आहे. पण जो लढाईत किंवा घातपातात शस्त्राने गेला, तो कुठल्याही तिथीला गेलेला असो, त्याचा दिवस भाद्रपद वद्य चतुर्दशी, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. शस्त्रादिहत म्हणजे शस्त्राने वगैरे मारले गेलेले. त्या 'वगैरे'त काय काय मावतं, ते तू मोठी झालीस की बोलू.

आपलं हे पान माझ्या आजीपासून चालत आलंय. तुझी पणजी माणगावची. तिथे तहसील कचेरीजवळ एका शिपायाचा पुतळा आहे, तू बसमधून पाहिलायस. यशवंत घाडगे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, आता रायगड. कोकणात भाताची खाचरं एवढीशी आणि खाणारी तोंडं फार, म्हणून घराघरातली पोरं मुंबईच्या गिरणीत नाहीतर पलटणीत जायची. यशवंत मराठा पलटणीत गेला. नाईक झाला, म्हणजे बाहीवर दोन फिती. घरी बायको होती, लक्ष्मीबाई.

तो मेला कुठे, माहीत आहे? इथे, आपण राहतो त्याच इटलीत. दुसऱ्या महायुद्धात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४. शत्रूच्या, म्हणजे जर्मनांच्या, मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतले सगळे पडले, कोणी मेले, कोणी जखमी. धड उरला तो एकटा. तो तसाच गनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब टाकला, मग आपल्या बंदुकीने एकाला मारलं. गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तोही पडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सर्वांत मोठं पदक.

शाळेत हे सांगशील तर नीट सांग. त्याने ज्यांना मारलं, तीही कोणाची तरी पोरं होती. आणि लढाई इंग्रजांची होती, आपला देश तेव्हा त्यांच्या ताब्यात होता. हे दोन्ही खरं, आणि तो शूर होता हेही खरं. मला यातलं काही गाळून तुला गोष्ट सांगता येत नाही.

इटलीच्या त्या लढायांत हिंदुस्थानचे ५,७८२ सैनिक गेले. यशवंताचं नाव इथल्याच कासिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे. ज्यांची कबर ठाऊक नाही, अशा चार हजारांवर नावांत त्याचं एक. तू उन्हाने वैतागून "आई, चल ना" म्हणत होतीस, ती हीच जागा. शिवाय २०२३ मध्ये मोंतोने गावाने त्याच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलंय. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय, सगळे एकाच सूर्याखाली.

घाडगे आपले कोणी लागत नाहीत. आजीला कोणी तसं म्हटलं तर ती म्हणायची, "तर्पणात बिनानात्याच्यांनाही पाणी सोडतात, मग वडा द्यायला काय जातंय?" तिच्या लहानपणी वाडीत तार आली की वाचणारा मास्तर येईपर्यंत कोणी चूल पेटवत नसे, असं ती सांगायची. कोणाकडची तार, ते तिने कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

म्हणून काल ते पान. खीर, वडे, भोपळा, गवार. बाल्कनीत ठेवलं तेव्हा मला धाकधूक होती, कारण इथले कावळे अर्धे राखाडी, त्यांना आपलं कसं कळणार! पण आला एक. कठड्यावर बसून त्याने वडा उचलला, मग भोपळाही खाल्ला. गवारीला मात्र चोच लावली नाही. त्या बाबतीत तो तुझ्यावर गेलाय.

तुझी,
आई