नोटिशीला उत्तर नंतर द्या, आधी ११ ऑगस्ट गाठा

चारकोपच्या एका शिक्षकांचं पत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलं. खाडीलगतच्या तिवरांमध्ये रात्री डंपर डेब्रिज ओतून जातात, अशी पहिली तक्रार त्यांनी १२ डिसेंबरला पालिकेकडे केली. मग तहसीलदार, जिल्हाधिकारी, तिवरं सांभाळणारा वन विभागाचा कांदळवन कक्ष, सगळीकडे अर्ज दिले. जूनअखेरीस एकाच आठवड्यात दोन कागद घरी आले. एक बिल्डरच्या वकिलाची, ५ कोटी मागणारी बदनामीची नोटीस. दुसरी पोलीस ठाण्याची, परिसरात शांतता बिघडवू नका म्हणून. दोन्हींना काय उत्तर द्यायचं, असं ते विचारतात. भांडुप, उरण, वसईकडून येणारी पत्रंही थोड्याफार फरकानं हीच असतात, म्हणून हे उत्तर सगळ्यांसाठी.

सर, तुम्ही नोटिशींनी धास्तावलात, ते स्वाभाविक आहे. पण तुमचं प्रकरण बुडेल ते मुदत हुकल्यामुळे. हा वाद न्यायचा तो पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० चं कलम १४(३) वाचा. वादाचं कारण ज्या दिवशी प्रथम उद्भवलं, त्या दिवसापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. पुरेसं कारण दाखवलंत तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. त्यापुढे एक दिवसही वाढवून द्यायचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही. कायद्यातला शब्द 'प्रथम' आहे. तुम्ही शेवटचं स्मरणपत्र कधी पाठवलंत, याला तिथे किंमत नाही. तुमच्याच हातच्या कागदावर १२ डिसेंबर लिहिलं आहे. सहा महिने १२ जूनला संपले, ६० दिवस ११ ऑगस्टला संपतील.

हे सहा महिने तुम्ही अर्जांवर अर्ज करण्यात घालवलेत, आणि मला त्याचा खरोखर राग येतो. अधिकारी उत्तर देतील या आशेवर माणसं थांबतात, आणि तोवर समोरची भरावाची जमीन पक्की होते. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. त्यात तुमच्या सात तक्रारींपैकी आवक क्रमांक असलेल्या पोच फक्त दोनच्या आहेत. बाकीच्या अर्जांवर शिक्का का नाही घेतलात? सगळ्या खिडक्यांवर पुन्हा जा, नोंदवहीतला क्रमांक मागा. दिला नाही तर त्याच दिवशी माहिती अधिकारात अर्ज टाका.

आता तुमच्या पत्रातली, तुम्ही सहज लिहून पुढे गेलात ती ओळ. फेब्रुवारीत कांदळवन कक्षाचे लोक पाहणीला आले, तेव्हा डंपर बंद झाले. ९ एप्रिलला ते परत सुरू झाले, आणि या वेळी खाडीच्या मुखाकडच्या दुसऱ्या तुकड्यावर. सर, ही ओळ पत्राच्या तळाशी नाही, अर्जाच्या पहिल्या पानावर हवी. जागा वेगळी असेल, आणि शक्यतो भराव टाकणाराही वेगळा असेल, तर ९ एप्रिलपासून नवं कारण उद्भवलं असं मांडता येतं. पण हे मान्य होईलच, असं मी म्हणणार नाही. काही निकाल याला अनुकूल आहेत, काही नाहीत. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र मांडा. नव्या कारणावर मुदतीत असलेला अर्ज, आणि सोबत विलंब माफीचा अर्ज. काम थांबलं होतं म्हणून आपण न्यायाधिकरणात गेलो नाही, हे त्यात तारीखवार लिहा. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, अर्ज ऑनलाइन दाखल होतो. नुकसानभरपाई मागितली नाही तर शुल्क १,००० रुपये.

अंतरिम मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत भराव थांबवा असं मागणारा अर्ज त्याच दिवशी जोडा, पुढच्या तारखेवर ठेवू नका. मेट्रो कारशेडसाठी आरेत झाडं तोडली तेव्हा काय झालं, ते मुंबईनं पाहिलं आहे. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयानं ७ तारखेला थांबवलं, तोवर २,००० हून जास्त झाडं गेली होती आणि विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली होती.

मुदत हुकलीच तर हरित न्यायाधिकरण कायद्याचंच कलम १५ उरतं. त्याची मुदत पाच वर्षं आहे आणि त्यात पर्यावरण पूर्ववत करून द्या, अशी मागणी करता येते. तरीही आज ओतला जाणारा भराव थांबवायला कलम १४ च धरायचं. उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा खारफुटीचा, म्हणजे तिवरांचा निकालही तुमच्या बाजूनं आहे. खारफुटीवर डेब्रिज टाकायला बंदी, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला बंदी, मग जमीन कोणाच्याही मालकीची असो. खारफुटी तोडणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं न्यायालयानं स्पष्ट म्हटलं. ही जनहित याचिका २००६ ची होती. अंतिम शब्द यायला बारा वर्षं लागली. म्हणून निव्वळ त्या निकालाच्या भरवशावर बसू नका.

फोटोंचं काय ते सांगते. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोत मूळ तारीख-वेळेची नोंद उरत नाही. ज्या फोननं काढले तो फोन सांभाळा, विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र त्याच मूळ फाइलींवर बनेल. डंपरचा नंबर आणि मागची तिवरं एकाच चौकटीत दिसणारा तुमचा ९ एप्रिलचा फोटो बाकी सगळ्या पुराव्यांहून मोलाचा आहे.

बदनामीच्या नोटिशीला उत्तर देणं कायद्यानं सक्तीचं नाही, पण वकिलाकडून थोडक्यात द्या, आणि माफीनामा मुळीच नको. सक्षम अधिकाऱ्याकडे सद्‌भावनेनं केलेली तक्रार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधला अपवाद आहे. तुमचे अर्ज त्यात बसतात, असं मला वाटतं. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र तुम्ही 'बिल्डरनं साहेबांना पाकीट दिलं' असं लिहिलंत. त्याला पुरावा काय? ते वाक्य या अपवादात बसवणं फार अवघड आहे. आता ते डिलीटही करू नका, लपवाछपवी दिसेल. यापुढे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा.

पोलिसांची नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खालची आहे, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या १४९ ची. ती आली म्हणजे तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असं नाही. प्रत घ्या, आपण शांततेनं अर्जच करत आहोत असं लेखी कळवा, पोच घ्या. मात्र उद्या सहायक पोलीस आयुक्तांकडे चॅप्टर केससाठी, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड लिहून घेण्याच्या कारवाईसाठी बोलावलं, तर कलम १३० चा लेखी आदेश मागा. तुमच्याविरुद्धच्या माहितीचा सारांश त्यात असावाच लागतो. तो न वाचता, वकिलाला न दाखवता बाँडवर सही करू नका. धमकी किंवा मारहाण झाली तर राज्य मानवी हक्क आयोगही आहे, पण तिथेही घटनेपासून एक वर्षाची मर्यादा आहे.

वकिलाचा खर्च झेपणार नाही, असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या पत्रात मासे विकणाऱ्या एका मावशींचा उल्लेख आहे. मुखाकडे गाळ भरल्यामुळे त्यांच्या घरची होडी भरतीशिवाय आत येत नाही. त्यांना सहअर्जदार करा. नुकसान थेट त्यांचं आहे. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि त्या कायद्यात 'न्यायालय' म्हणताना न्यायाधिकरणही येतं. उपनगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यांना सोबत घेऊन जा, नाहीतर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. आधी मावशींना सगळं नीट समजावून सांगा, नोटिशी त्यांच्याही घरी येऊ शकतात हे लपवू नका. त्या तयार असतील तर वकीलपत्रावर दोघांच्या सह्या जुलै संपायच्या आत व्हायला हव्यात. विधी सेवेकडून वकील नेमून यायलाही दिवस जातात, आणि प्रतिज्ञापत्र त्यानंतरच तयार होईल.