भुताचं देणं

अनेक आशीर्वाद.

तुझी पाठवलेली प्रकरणं वाचली. भाषा हाताशी आहे, प्रसंगही धावतात. घोडं अडतं ते एकाच जागी. तुझा खवीस दुसऱ्या प्रकरणात चार माणसं मारतो आणि तिसऱ्यात बायका नेहमीसारख्या विहिरीवर पाणी भरतायत. का बरं? एवढं झाल्यावर लोकांनी बिऱ्हाड उचलून मुंबई का नाही गाठली? याचं उत्तर कादंबरीत नाही, म्हणून भीतीही नाही. मग त्याच्या दातांवर आणि नखांवर कितीही पानं खर्ची घाल.

अशा शेजाऱ्याबरोबर माणसं राहतात ती काहीतरी ठरलेलं असतं म्हणून. कोणी काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठल्या वेळी कुठे फिरकायचं नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा अधिपती, आणि गावाची राखण त्याच्याकडेच! रात्री तो फेरी मारतो, चपला झिजतात, असं लोक सांगतात. एकदा जाऊन त्या चपला बघून ये. माणसाच्या पायात न मावणारं ते माप घेऊन चांभार बसलाय, असं डोळ्यापुढे आण. त्या चांभाराच्या घरातून तुझी गोष्ट सुरू होऊ शकते.

मालवणजवळ आचऱ्याला गावपळण असते. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी बरोबर. झोपड्या उभ्या राहतात, भजनं रंगतात, पोरांची तर चंगळच. मागे राहिलेला गाव तेवढे दिवस भुताखेतांचा, असं मानणारे आहेत. परतायचं तेही कौल मिळाला तरच. आता बघ, इथे भ्यालेलं कोणीच नाही, चुलीवर कालवण रटरटतंय. पण एखाद्या घरात आजच बाळंत झालेली बाई असेल, तिला हलवता येत नसेल तर? मुंबईहून आलेला थोरला मुलगा ‘मी नाही येत’ म्हणून कडी लावून बसला तर? कौलच मिळाला नाही तर?

तुझा मांत्रिकही मला पटला नाही. संस्कृत पुटपुटणारा माणूस कोणालाही सुचतो. मालवणी गाऱ्हाणं ऐकलंयस? घालणारा एकेक अडचण देवापुढे मांडतो आणि मागचे ‘व्हय म्हाराजा’ करत जातात. त्यात आर्जव आहे आणि हळूच बजावणंही. खविसाशी यंदाच्या देण्यावरून घासाघीस करणारा असा कोणीतरी आण.

मात्र वेतोबालाच उचलून खलनायक करू नकोस. तिथे लोक नवस बोलतात, फेडतात. रीत घे, नाव तुझं ठेव.

लढाईचं प्रकरण तूर्त बाजूला सार. खविसाला वर्षाला काय जातं, कोणाच्या घरातून जातं आणि यंदा पाळी कोणाची, हे आधी एका कागदावर लिहून काढ. पाळीचं घर सापडलं की मला कळव, पुढचं बोलू.

आणि हो, तो मुंजा वडावर बसवलायस. त्याला पिंपळावर हलव, नाहीतर पहिल्याच पानावर कोणाची तरी आजी तुला पकडेल.