उघडता येणारं यंत्र

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस तेव्हा घरात पाहुणे होते, बोलणं अर्धवट राहिलं. तुझा प्रश्न लक्षात आहे. कोर्स संपल्यावर पेपरात नोकरी धरावी की नाशिकच्या बातम्यांचं स्वतःचं काही सुरू करावं? आणि सुरू केलंच तर फेसबुक पेज, व्हॉट्सॲप चॅनल आणि यूट्यूब एवढ्यावर भागेल का? चप्पल घालता घालता तू म्हणालीस, "काका, ते सगळं फुकट आहे ना, मग वेबसाइटचा खर्च कशाला?" त्या 'फुकट'वर मी दोन दिवस अडकलोय.

तुझ्या बाबांची नाशिकरोडची पेपर लाइन मी जवळून पाहिली आहे. पहाटे गठ्ठे उतरायचे, पुरवण्या आत सरकवायच्या, पोरं सायकलला पिशव्या अडकवून जेलरोडकडे, देवळालीगावाकडे निघायची. त्यामुळे या धंद्यातली पहाट तुला नव्यानं सांगायला नको. पण गठ्ठ्याच्या तुमच्या टोकाला एक हिशेब दिसत नव्हता. वाचक अंकाचे जे पैसे द्यायचा त्यातून एजंटाचं कमिशन वजा केलं की उरलेल्यात कागदाचाही खर्च निघत नसे. बाकीचं सगळं जाहिरात भरून काढायची. ही रीत फार जुनी आहे. १८३३ मध्ये न्यूयॉर्कला 'सन' नावाचा पेपर एका सेंटला विकायला निघाला, तेव्हा इतर पेपर सहा सेंटला मिळत. तोटा जाहिरातदारांकडून वसूल करायचा, हा त्यामागचा हिशेब. त्याच्या आदल्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं होतं. ते १८४० मध्ये थांबलं. पुढे मराठी पेपरही जाहिरातीच्याच खांद्यावर बसून मोठे झाले, आमचाही त्यातलाच एक.

आमच्याकडे छोट्या जाहिरातींचं एक पान असायचं. कॉलेजरोडला दोन खोल्या भाड्यानं, सातपूरला फिटर पाहिजे, वधू पाहिजे, चालू स्थितीतली लुना विकणे आहे. आम्ही डेस्कवरची माणसं त्या पानाकडे ढुंकूनही बघत नसू. सिन्नर, येवला, सटाण्याच्या वार्ताहरांचं मानधन त्याच पानातून निघतं, हे मला पान आटायला लागल्यावर कळलं. सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्क नावाच्या माणसानं १९९५ मध्ये मित्रांना ईमेलनं कार्यक्रमांची यादी पाठवायला सुरुवात केली, तिचं पुढे क्रेगलिस्ट झालं, छोट्या जाहिरातींची वेबसाइट. आपल्याकडे १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आलं. मग घर, लग्न, जुनी गाडी, प्रत्येकानं आपापलं वेगळं दुकान मांडलं. बातमी तशीच राहिली, तिचा पोशिंदा निघून गेला. २७ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातला 'रॉकी माउंटन न्यूज' बंद झाला, दीडशे वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने उरले असताना. त्याच आठवड्यात आम्ही इथे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनाचं पान लावत होतो. कुणीतरी ती बातमी वाचून दाखवली आणि कुणीच काही बोललं नाही.

हे जे झालं ते थांबवणं आमच्या हातात नव्हतं, असं मला वाटतं. पण दुसरं एक नुकसान आमच्या हातून झालं आणि त्याबद्दल पेपरवाले फारसं बोलत नाहीत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो.

मी १९८४ मध्ये लागलो तेव्हा खिळेजोडणी, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर जुळवून मजकूर लावणं, अजून होती. ट्रेडल या छपाईच्या मशीनवर एक मामा असायचे, शाळा चौथीपर्यंतची. मशीन अडलं की मामा ते उघडायचे. आतला दांडा झिजला असेल तर सायकलच्या कॅरिअरला लावून सातपूरच्या लेथवाल्याकडे न्यायचे आणि संध्याकाळपर्यंत तसाच दुसरा बनवून आणायचे. परवानगी कुणाची घ्यायची? यंत्र आपलं, बिघाड आपला, दुरुस्तीही आपली. शेजारच्या छापखान्यातलं तसलंच मशीन बंद पडलं तर मामा तिथेही जायचे आणि दुरुस्ती शिकवून यायचे.

मुक्त सॉफ्टवेअरची सगळी गोष्ट मला मामांमुळे कळली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एक नवा लेसर प्रिंटर आला. तो वरचेवर अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन तिथे प्रोग्रामर होते. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यांनी दुरुस्ती केली होती, कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना संगणकावर निरोप जायचा. नव्या प्रिंटरचा प्रोग्राम मात्र बंद डबीत आला होता, त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, कंपनीनं दिलीच नव्हती. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे ती होती, त्यानं 'न देण्याचा करार केलाय' म्हणून नकार दिला. कागद अडकतोय, दुरुस्त करणारा समोर उभा आहे आणि त्याला झाकण उघडायची मनाई. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी झाकण उघडं असलेलं सॉफ्टवेअर घडवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. चालवायचं, उघडून समजून घ्यायचं, दुसऱ्याला द्यायचं आणि सुधारून पुढे द्यायचं, ही चार स्वातंत्र्यं त्यातूनच पुढे मांडली गेली. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, आणलं आणि पुढच्या वर्षी ग्नूच्याच परवान्याखाली खुलं केलं. आज जगातल्या बहुतेक वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालतात त्यांत तेच आहे. मामा ट्रेडलपाशी जे करायचे तेच हे काम, फक्त यंत्र लोखंडाचं नाही.

आता आमची चूक. नव्वदच्या दशकात डीटीपी, म्हणजे संगणकावर पान लावणं, आलं. एका कंपनीचं मराठी सॉफ्टवेअर घेतलं, त्याची चावी म्हणून संगणकाच्या पाठीमागे एक डाँगल लावावा लागे. अक्षरं देखणी होती, पानं भराभर लागायची. आत काय चाललंय ते कुणी पाहिलं नाही. त्या फाँटमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसायचा. आत रोमन अक्षरं, कंस, चिन्हं असायची आणि फाँट त्यांना मराठीचा अंगरखा घालून दाखवायचा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, फाँट कोणताही लावा. पण आमच्याकडे उत्तर ठरलेलं, छपाई होतेय ना, मग झालं. मीही तेच म्हणत होतो.

पुढे ती कंपनी गुंडाळली गेली. डाँगल एकेक करून मेले.

२ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला मोठा पूर आला. दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढलं यावरून नाशिककर पूर मोजतात, हे तुला सांगायला नको. सराफ बाजारात पाणी शिरलेलं आणि फोनवर फोन, 'सप्टेंबर २००८ पेक्षा जास्त आहे का?' २००८ ची बातमी मीच लावली होती. मारुतीपाशी, नारोशंकराच्या घंटेपाशी, कापड बाजारात पाणी कुठे किती होतं, सगळं त्या पानात होतं. जुनी सीडी लावली, फाइल उघडली, पडद्यावर कंस, डॉलर आणि तुटकी रोमन अक्षरं. चौदा वर्षांची पानं तशीच. शेवटी एक पोरगा बॅटरी घेऊन माळ्यावर चढला आणि कसर लागलेल्या बांधीव फायलीतून ते पान काढून घेऊन आला. कागद आठ वर्षांनंतरही वाचता येत होता. संगणकातली बातमी, जी आम्ही जास्त टिकेल म्हणून ठेवली होती, ती मुकी झाली होती.

याच्याशेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघ. बी२ नावाचं वेबसाइट चालवायचं छोटं सॉफ्टवेअर होतं. ते बनवणाऱ्यानं काम थांबवलं, म्हणजे आमच्या कंपनीसारखंच झालं. पण बी२ ग्नूच्या परवान्याखाली होतं, झाकण उघडं होतं. एकोणीस वर्षांचा मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी ते तिथूनच पुढे नेलं आणि मे २००३ मध्ये वर्डप्रेस आलं. बनवणारा थांबला म्हणून कुणाचं लिखाण बुडालं नाही. आणखी एक, हे मला फार आवडतं. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं एक लहान शहर आहे. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या पेपरात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोन प्रोग्रामर २००३ मध्ये काम करत होते. संपादक दुपारी सांगणार, संध्याकाळपर्यंत पान हवं, अशी घाई. त्या घाईसाठी त्यांनी वेबसाइट बनवायचं जे साधन घडवलं ते जँगो. पेपरनं ते २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढे इन्स्टाग्राम त्याच्यावर उभं राहिलं. कुणी तुला सांगेल की तंत्रज्ञानानं पेपर बुडवले, तेव्हा हे आठव. एका गावातल्या बातमीच्या टेबलावरच हे तंत्रज्ञान जन्मलं होतं.

म्हणून तुझा तो 'फुकट'. इंग्रजीत दोन्ही अर्थांना 'फ्री' हा एकच शब्द असल्यामुळे स्टॉलमन यांना जन्मभर समजावत बसावं लागलं. आपल्या भाषेत 'मुक्त' वेगळा आणि 'फुकट' वेगळा. फेसबुक पेज फुकट आहे, मुक्त नाही. तुझी बातमी कुणाला दिसावी हे दुसरा ठरवतो, पेज बंद झालं तर जुन्या बातम्यांचा गठ्ठा तुझ्या हाती येईलच असं नाही. वर्डप्रेस मुक्त आहे, पण त्याला सर्व्हरचं भाडं लागतं, वेळच्या वेळी अपडेट लागतं, रात्री दोनला साइट पडली तर उठावं लागतं. मुक्त वस्तू सांभाळायला माणूस लागतो. त्याचा खर्च तू मनात आधीच धर.

व्हॉट्सॲप सोडू नकोस. ते तुझ्या बाबांच्या सायकलवाल्या पोरांसारखं वापर, अंक दारात पोचवायला. पण अंक छापला जातो ती जागा तुझी हवी. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुझ्याच नावावर घे, वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर कधीही नको. मजकूर युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप करायला महिन्याभरात शिकशील. फाँट मुक्त परवान्याचा घे, 'मुक्ता' आहे, मुंबईच्या एक टाइपनं केलेला, छोट्या अक्षरातही स्वच्छ दिसतो. पानं छापायचीच झाली तर स्क्रायबस हे पान लावायचं मुक्त सॉफ्टवेअर बघ. आणि दर रविवारी सगळ्या बातम्यांची साध्या मजकुराची एक प्रत घरच्या डिस्कवर. हे शेवटचं टाळशील, मला माहीत आहे. टाळू नकोस.

बातमी कोणती द्यायची, यावर एकच उदाहरण देतो. लासलगावचा कांद्याचा भाव पूर्वी दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात कळायचा. आता लिलाव चालू असतानाच तो फोनवर असतो. त्या भावाला पैसे कोण देईल? पण ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा बघ. आदेशाचा फोटो घटकाभरात निफाडभर फिरला, इंग्रजीत. ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा होता. बंदरात आधीच पोचलेल्या मालाचं काय, बंदी कधीपर्यंत, आज विकू की चाळीत ठेवू? तो आदेश ओळीनं ओळ वाचून, दोन निर्यातदारांना आणि बाजार समितीत फोन करून, सोप्या मराठीत सांगणारं कुणीतरी हवं होतं. त्या कामाला आजही गिऱ्हाईक आहे, आणि ते फॉरवर्ड करून होत नाही.

नोकरीचं विचारशील तर माझं मत स्पष्ट आहे. आधी दोन वर्षं पेपरात काढ, कोणत्याही, अगदी बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीच्या डेस्कवरसुद्धा. निधनवार्ता आली की घरी फोन करून खात्री करायची, नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहायचं, महापालिकेच्या महासभेत पाच तास बसून एका ठरावाची ओळ पकडायची, हे शिकवणारं सॉफ्टवेअर अजून कुणी लिहिलेलं नाही. पगार कमी मिळेल, ते मी गोड करून सांगणार नाही. पण त्या दोन वर्षांत रात्रीचं स्वतःच्या डोमेनवर काहीतरी टाकत राहा, आठवड्याला एक का होईना. तुमच्याच भागातलं टाक. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की पेपरचा छापखाना कुणाच्या मनातही येत नाही, १९२८ पासून नोटा छापणारा तो 'प्रेस'. तिथल्या कामगारांच्या चाळींची, तिसऱ्या पिढीची बातमी कुणी सलग केलेली मी पाहिली नाही.

रविवारी सकाळी ये. पुरांची कात्रणं मी माळ्यावरून खाली काढून ठेवली आहेत, २००८ ची आणि २०१६ ची, शिवाय १९६९ च्या पुराच्या आठवणी लोकांनी नंतर लिहिल्या त्यांचीही. टेसरॅक्ट म्हणून एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, छापील पानाचा फोटो दिला की मजकूर काढून देतं, त्याला मराठी येतं. जोडाक्षरांत चुकतं, ती मी तपासेन, मुद्रितशोधनाची सवय अजून गेलेली नाही. तुझ्या लॅपटॉपवर आधी टाकून ठेव आणि मराठीची फाइल वेगळी उतरवून घे, तिच्याशिवाय चालत नाही. फोटो फोनवरच काढू. आमच्या पुढच्या खोलीत अकरापर्यंत उजेड चांगला असतो, तेव्हा नऊच्या आत पोच.

तुझा,
काका